मालकाशी थेट बोला

घर विकायचं ठरलं तेव्हाच मी सांगून टाकलं की दलालाचं तोंड मी पाहणार नाही. आमचा धंदा फुलांचा. जन्मभर आमचा झेंडू आणि आमची शेवंती अडत्याच्या हातून विकली. माल आमचा, घाम आमचा आणि भाव सांगणारा तो. पहाटे त्याच्यासमोर टोपल्या रिकाम्या करायच्या आणि त्याच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं. फुलं संध्याकाळी मान टाकतात, म्हणून माणूस मुकाट्यानं ऐकून घेतो. घराला तशी घाई नसते. ते मी मला पटेल त्या माणसाला, मला पटेल तसंच विकणार होते.

घर म्हणजे काही महाल नव्हे. अमरावतीत शेगाव नाक्याच्या मागे, माझे सासरे केशवराव यांनी फुलांच्या कमाईवर बांधलेलं, चार खोल्यांचं, स्लॅबचं. मागे अंगण आणि बारमाही पाण्याची विहीर. या घरात मी लग्न होऊन आले, दोन मुलं वाढवली आणि एक घालवलं.

विकायचं कारण आमची मुलगी वर्षाली. तिला अकोल्यात दिली आहे. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले आणि डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही म्हणून बजावलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. मी तिला आणायला गेले, तर ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “आई, त्या घरात मी येत नाई. तूच ये इकडं.”

त्या घरात तिचा भाऊ गेला होता. मनोज. कॉलेजात शिकत होता. पावसाळ्यात ताप आला, दवाखान्यातून बरा झाला म्हणून घरी आणला आणि आपल्या मधल्या खोलीत झोपला तो उठला नाही. सकाळी चहा घेऊन वर्षालीच गेली होती त्याला उठवायला. लग्न झाल्यावर ती दारापर्यंत येते, आत येत नाही. मी तिच्यावर चिडून पाहिलं, रडून पाहिलं. मग लक्षात आलं की पोरगी हट्ट करत नाही, ती घाबरते.

तिच्या घरी सासू-सासरे, खोल्या दोन. मी जाऊन राहायचं कुठं? तिच्याच इमारतीत खालचा फ्लॅट विकायला निघाला होता आणि त्याचा मालक दसऱ्यापर्यंत थांबायला तयार झाला. इथलं घर गेलं की तिथलं घेता येणार होतं. रोज लेकीच्या डोळ्यांसमोर राहायचं, नातवंड मांडीवर खेळवायचं, एवढंच मला हवं होतं. माझे यजमान धर्मेंद्र ‘हो’ही म्हणाले नाहीत आणि ‘नाही’ही म्हणाले नाहीत. “पाहू,” म्हणाले. त्यांच्या ‘पाहू’ला मी ‘हो’ समजले.

मी फाटकावर पाटी लावली. वर्षालीनं पलंगावर पडल्या पडल्या मोबाइलवरून फोटो टाकले. फोन धडाधड यायला लागले आणि सगळे दलालांचे. “फॅमिलीसाठी पाहून राहिलो, मॅडम,” असं सुरू करायचे आणि तिसऱ्या वाक्याला ‘प्रॉपर्टी’ म्हणायचे. स्वतःला राहायला घर हवं असलेला माणूस घराला घर म्हणतो, हे मला दोन दिवसांत कळलं. मग भिशीच्या बायकांना सांगितलं. त्या आल्या, पोहे खाल्ले, स्वयंपाकघर अंधारं आहे म्हणाल्या आणि गेल्या.

तेव्हा मला चिठ्ठीची युक्ती सुचली, आणि तिचं मला फार कौतुक वाटलं. ठोक माल अडत्याकडे गेला तरी अंबादेवीच्या रस्त्यावर आमचं छोटं दुकान आहे. रोज किती घरांत आमची फुलं जातात याची मोजदाद नाही. प्रत्येक पुडीत एक चिठ्ठी घातली की झालं. गुलाबी कागदावर छापून घेतलं: ‘घर विकणे आहे. चार खोल्या, मागे अंगण, विहिरीला बारमाही पाणी. दलाल नको. मालकाशी थेट बोला. केव्हाही या.’ खाली पत्ता आणि माझा नंबर. ‘केव्हाही या’ हे मी मुद्दाम घातलं. आम्ही मोकळ्या मनाची माणसं आहोत हे कळावं म्हणून.

आठवडाभरात बडनेऱ्याहून एका माणसाचा फोन आला. त्याचा आवाज थरथरत होता. “तुमची चिठ्ठी आमच्या बाबाच्या अंगावर निघाली. लाज वाटते का नाई तुमाले?”

मी त्याची दहा वेळा माफी मागितली आणि तशीच दुकानात गेले. धर्मेंद्र खाली मान घालून पुड्या बांधत होते. एका बाजूला देवाचे हार, दुसऱ्या बाजूला तिरडीचे. चिठ्ठ्यांचा गठ्ठा मांडीखाली.

“तिरडीच्या हारात काहून घालून राहिले चिठ्ठी?” मी विचारलं.

“हात चालू असला का चालूच रायते,” ते म्हणाले. “कोनता हार कोनाचा, एवढं कोन पायते?”

“मी पायते. लोकं शिव्या देऊन राहिले.”

“बरं,” म्हणाले. त्यांच्या ‘पाहू’सारखंच त्यांचं ‘बरं’. त्यात ‘हो’ आहे की नाही हे बाईनं ओळखायचं.

पण त्यानंतर माणसं यायला लागली, आणि मी सगळं विसरले.

पहिला आला तो पन्नाशीचा गृहस्थ. डोक्यावर टोपी आणि टोपीखाली नुकते फुटू लागलेले केस. भरदुपारी आला. घर बघायला येणारा माणूस भिंत ठोकून बघतो, नळ सोडून बघतो, रस्ता किती फुटांचा ते विचारतो. यानं काही विचारलं नाही. फक्त “दुपारचं ऊन कुठून येते?” एवढंच. मी ओसरी दाखवली. तो बाजूला सरला, कोणाला तरी पुढे जायला वाट द्यावी तसा, आणि थोडा वेळ उभा राहिला. चहा प्यायला. मग उठला आणि काही न बोलता फाटकातून बाहेर पडला. मला राग आला. चहा पिऊन साधं ‘येतो’ म्हणायची रीत नाही? संध्याकाळी ओसरीत विडीचा वास येत होता. आमच्या घरात कोणी विडी ओढत नाही.

मग एक सासू-सून आल्या. सुनेनं मागची खोली पाहिली, बाजेवर हात फिरवला, “मऊ हाय,” म्हणाली. त्याही तशाच गेल्या. दुसऱ्या दिवशी मी अंगणात कपडे वाळत घालत होते आणि मागच्या खोलीत बाज करकरली, माणूस कूस बदलतो तशी. मी आत जाऊन पाहिलं. चादरीला एक चुणी नव्हती. मांजर असेल, असं मी स्वतःला सांगितलं, आणि आमच्याकडे मांजर येत नाही हेही मला माहीत होतं.

अशी बरीच माणसं येऊन गेली. सगळी दुपारची, सगळी शांत, सगळी भाव न विचारणारी. प्रत्येक जण गेल्यावर घरात काहीतरी उरायचं. विहिरीच्या कठड्यावर ओल्या पायांचे ठसे. मोरीत खाकरल्याचा आवाज. स्वयंपाकघरातून अडकित्त्यानं सुपारी कातरल्यासारखी बारीक कटकट, सारखी, आणि आमच्या घरात अडकित्ता नाही. मी भित्री बाई नाही. पाटी-खुरपं घेऊन साप असलेल्या वाफ्यात उतरलेली आहे. पण आता स्वयंपाकघरात जाताना मी उगाच खोकायला लागले. आपल्याच घरात आत येऊ का असं विचारल्यासारखं.

धर्मेंद्रांना सांगितलं तर ते टक लावून ऐकत राहिले. “कोन आलं होतं आज?” रोज दुकानातून आल्यावर पहिलं हेच विचारायचे. “म्हातारं का तरनं?” मला वाटलं, चला, माणसाला विक्रीत रस आला.

उलगडा झाला तो राजापेठेत. आमच्या लांबच्या नात्यातल्या मनकर्णाबाई गेल्या होत्या, मी बसायला गेले. थोडा वेळ बसले आणि आपण सगळेच करतो तशी गुपचूप उठून निघाले. मयतीच्या घरून निघताना ‘येतो’ म्हणायचं नसतं. ते मला कोणी शिकवायला नको होतं. पण फाटकाबाहेर पाऊल टाकलं आणि मी रस्त्यात थांबले. माझं घर पाहून गेलेली सगळी माणसं अशीच उठून गेली होती. एकानंही ‘येतो’ म्हटलं नव्हतं. टोपीखालचे नुकते फुटलेले केस आठवले. सुनेचं सुतकातलं, कुंकू न लावलेलं कपाळ आठवलं. ही सगळी माणसं मयतीच्या घरून आली होती. तिरडीच्या हारातली चिठ्ठी वाचून आली होती, आणि येताना एकटी आली नव्हती. घर ज्यांना दाखवायला आणलं होतं त्यांना आवडलं होतं, आणि ते राहिले होते. ‘केव्हाही या’ असं मीच तर लिहिलं होतं.

घरी न जाता मी सरळ दुकानात गेले आणि तिरडीचे हार स्वतः बांधायला बसले. देवाच्या पुडीत चिठ्ठी, तिरडीच्या हारात नाही. धर्मेंद्रांनी देवाच्या पुड्या आपल्याकडे ओढल्या.

त्यानंतर एक खरं गिऱ्हाईक आलं. परतवाड्याच्या आशाबाई, संत्र्याच्या व्यापारातल्या. जिवंत, जाड, मोठ्या आवाजाची बाई. भिंती ठोकल्या, नळ सोडले, विहिरीत वाकून पाहिलं, फरशीला नावं ठेवली. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. भावाचं बोलणं अर्ध्यावर आलं होतं. मग त्या म्हणाल्या, “मांगची खोली राहिली ना. दाखवा लवकर.” मी कढईखालचा गॅस बारीक करायला वळले, तोवर त्या एकट्याच जाऊन परतही आल्या. आवाज एकदम हळू.

“राहू द्या. आजी झोपल्या हायेत. त्याइची झोपमोड काहून करता?”

मी म्हटलं, “हो, त्यांना दुपारची झोप लागते.” काय करू, विकायचं होतं ना घर. पण माझा चेहरा मला साथ देईना. आशाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, भिंतीवर नजर टाकली. फोटो एकच, तोही मुलाचा; आजीचा कुठंच नाही. “या घरात तुमी दोघंच रायता म्हनलं होतं ना?” त्यांनी चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच फाटक गाठलं. नंतर मी फोन केला तर उचलला नाही.

त्या दिवशी मी अंगणात बसून खूप रडले. वर्षालीचे दिवस भरत आले होते. ती रोज विचारायची, “आई, कोनी घेतलं का व?” आणि मी रोज म्हणायची, “पाहून राहिले लोक.” दसरा जवळ आला होता. घर मी भरून ठेवलं होतं आणि ज्यांनी भरलं ते काही खरेदीखत करून घेणारे नव्हते.

अशा वेळी नत्थुजी आले. मूळचे तेल्हाऱ्याकडचे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, आता अमरावतीतच एकटे राहणारे. हे आधी एकदा येऊन गेले होते ते मला आठवलं. या वेळी सरळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले आणि आतल्या कोपऱ्याकडे पाहून हसले. कोपऱ्यातून ती कटकट येत होती.

“सुपारी नाई सुटली हिची,” ते म्हणाले.

मी विचारलं, “कोन?”

“गोदा. माझी बायको.” त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. “मले घर घ्याचं नोतं, बाई. मी तिच्या मांगं आलो. चिठ्ठी तिच्या हारात होती. मी काढली नाई. म्हनलं, वाचत जाईन बिचारी. तिले भेळीचा कागद बी वाचाची सवय. तेरवीपर्यंत घरात तिची चाहूल होती. मंग एका दुपारी बंद झाली. मी लय शोधलं. मंग चिठ्ठीवरचा पत्ता आठोला.”

“तुमाले दिसते ती?”

“दिसते, बोलते. बाकीचे नाई दिसत मले. ती सांगते कोन कुठी हाय ते.” मग म्हणाले, “घर द्या मले. मी कमी-जास्त करत नाई. जसं हाय तसं घेतो, माणसाइसकट.”

यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक मला या जन्मात मिळणार नव्हतं. भाव त्यांना मान्य, घरातली गर्दी त्यांना मान्य. मला भीतीही वाटत होती आणि हसूही येत होतं. मी तिथल्या तिथं वर्षालीला फोन लावून सांगितलं, ती पलीकडून रडायलाच लागली. “आई, खरंच येऊन राहिली ना तू?” म्हणाली.

संध्याकाळी धर्मेंद्रांना सांगितलं. ते मनोजच्या फोटोचा हार बदलत होते. दर सोमवारी बदलतात. मी बोलत होते, ते ऐकत होते आणि त्यांच्या बोटांमध्ये काहीतरी गुलाबी होतं. त्यांनी माझ्या देखतच ती चिठ्ठी घडी करून हारात खोवली.

“हे काय?”

“त्यालेबी कळो ना पत्ता,” ते म्हणाले. “सगळे येऊन राहिले. कोनाची बायको, कोनाचा बाप. लोकायच्या लोकायले पत्ता भेटला. आपलाच नाई आला.”

तेव्हा मला कळलं की पहिली चिठ्ठी चुकून गेली असेल, नंतरच्या चुकून गेल्या नव्हत्या. म्हातारं का तरणं, हे ते रोज का विचारत होते, तेही कळलं. मला त्यांचा संताप आला, आणि त्याच क्षणी त्यांना पोटाशी धरावंसं वाटलं. दोन्ही एकदम वाटलं म्हणून मी काहीच केलं नाही.

“तो आल्याबिगर मी सही करत नाई,” ते म्हणाले. “तो येईन अन् घरात दुसरंच कोनी असंन. मंग तो कुठी जाईन?”

“अन् वर्षाली?” मी ओरडले. “जिवंत लेक तिकडं पलंगावर पडली हाय. तिचं काय?”

ते फोटोवरचा हार सारखा करत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी नत्थुजी बोलणं पक्कं करायला आले. आम्ही तिघं ओसरीवर बसलो. नत्थुजी म्हणाले की चांगला दिवस पाहून इसार देऊन टाकतो. धर्मेंद्र जमिनीकडे बघत म्हणाले, “आमचा पोरगा यायचा हाय. तो आल्याशिवाय घर देता येत नाई.”

“कोन पोरगा?” नत्थुजींना खरंच समजेना. “तो मधल्या खोलीतला? तो तं हायेच ना.”

धर्मेंद्रांनी मान वर केली.

“गोदा आली त्या दिवशी तो होता,” ते म्हणाले. “मी आल्या आल्या तिनं मले हेच सांगतलं. सगळ्या खोल्या पाहून राहिले होते, पन मधल्या खोलीत कोनी गेलं नाई. तिथं पोरगं बसलं असते म्हने. घर त्याचं हाय, हे सगळ्यायले समजते. मले वाटलं, तुमाले मालूम असंन.”

धर्मेंद्र उठले. मधल्या खोलीच्या दारापर्यंत गेले, आत गेले नाहीत. चौकटीला हात लावून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मग ते वळले तेव्हा त्यांचं तोंड मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत पाहिलं होतं तसं मोकळं होतं. इतकी वर्षं त्यांना एकच घोर होता, की पोरगं कुठं भटकत असेल. ते कुठंच भटकत नव्हतं.

“एकटा हाय काय तो?” त्यांनी विचारलं.

“नाई, नाई,” नत्थुजी म्हणाले. “गोदा बसते ना त्याच्याजोळ. आमाले लेकरू झालं नाई. तिले तं आयतंच भेटलं. दोन टाइम जेवाले घालते त्याले.”

धर्मेंद्र खाली बसले. “मंग झालं,” म्हणाले. “मंग घेऊन टाका घर. चांगली सोबत हाय त्याले. साधना, चल, जाऊ आपन अकोल्याले.”

मला हवं होतं ते सगळं त्या क्षणी माझ्यासमोर होतं. गिऱ्हाईक होतं, नवऱ्याची सही होती, दसरा अजून यायचा होता, आणि तिकडे माझी लेक वाट बघत होती. मी ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, “काय वाढते ती त्याले?”

नत्थुजींनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. कटकट थांबली. “भाकर अन् बेसनाचं चून,” ते म्हणाले.

“त्याले चून चालत नाई,” मी म्हटलं. “पोटात दुखते त्याच्या. त्याले आंबट वरन लागते, भातावर. वरून कच्चं तेल.”

“सांगतो तिले.”

“तिले काहून सांगता?” माझा आवाज चढला. “त्याची माय जित्ती हाय ना अजून.”

मला स्वतःची लाज वाटत होती आणि तरी मी थांबू शकत नव्हते. माझं स्वयंपाकघर, माझा मुलगा, आणि त्याला वाढणारी परकी बाई. ती भली असेल. तिला मूल नव्हतं, तिची माया खरी असेल. पण तिला त्याच्या पोटाचं काही माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी त्या खोलीत झाडू घेऊन जात होते आणि पाय वर कर, असंसुद्धा त्याला कधी म्हटलं नव्हतं. मला माहीतच नव्हतं.

घर विकणे नाही, असं मी नत्थुजींना सांगितलं. ते रागावले नाहीत. “मंग मी दुपारी येऊन बसलो तं चालन काय?” एवढंच त्यांनी विचारलं. ते रोज येतात.

फाटकावरची पाटी मीच काढली. अकोल्याचा फ्लॅट दसऱ्याला दुसऱ्या कोणी घेतला. धर्मेंद्र एकटे गेले. वर्षालीकडे हॉलमध्ये दिवाणावर झोपतात. पुरुष माणसाला कुठंही पडता येतं. त्यांनी मला चल म्हणून फार विनवलं. जो माणूस सहीला तयार नव्हता तो हसत गेला, आणि जिनं घर विकायला काढलं ती मागे राहिली. सकाळी मी दुकानात बसते, दुपारी घरी येते.

वर्षालीला मुलगी झाली. मी जवळ नव्हते. तिनं मला फोनवर बाळाचं रडणं ऐकवलं आणि मग स्वतः रडली. “तुले माह्यापेक्षा ते घर मोठं झालं काय?” असं तिनं विचारलं. मी काय सांगणार होते तिला? ज्या खोलीत ती पाय ठेवत नाही त्या खोलीत मी रोज ताट घेऊन जाते, हे सांगितलं असतं तर तिनं बाळाला घेऊन कधीच इकडे तोंड केलं नसतं. मी म्हटलं, गिऱ्हाईक लागलं की येते.

खरं सांगायचं तर मला मनोज दिसत नाही. लोकांची माणसं मला ऐकू येतात. ओसरीतला विडीवाला, मागच्या खोलीतली आजी, गोदाबाईंचा अडकित्ता. मधल्या खोलीतून मात्र मला काहीच येत नाही, श्वाससुद्धा नाही. मी वरण-भात वाढते, वरून तेल घालते, पंखा लावते आणि समोर बसते. बराच वेळ बसते. मग भातावर साय धरल्यासारखं वरण गोठतं आणि मी ताट उचलते. जसं वाढलं तसंच असतं.

संध्याकाळी धर्मेंद्रांचा फोन येतो. बाळ कसं हसलं, कसं दूध प्यालं, सगळं सांगतात. सांगून झालं की थोडं थांबतात. बाजूला वर्षाली असते म्हणून आवाज अगदी लहान करतात.

“अन् तो?”

“जेवला,” मी म्हणते.